देवरे सरांचं बोट

संगणकाने नाव सापडल्याचं दाखवलं, तरी देवरे सर मूळ वही उघडायचे, त्या ओळीवर बोट ठेवायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "हाई खरं शे का?" सर सटाण्याकडचे. संशय आला की त्यांची अहिराणी वर यायची, आणि संशय दिवसभर यायचा. लिफ्टचाही यायचा, म्हणून ते जिन्यानेच चढत.

नाशिक रोडला आमचं छोटं ऑफिस. त्र्यंबकेश्वरच्या एका उपाध्यायांच्या वह्या आम्ही टाइप करून घेतल्या होत्या. विधीला आलेल्या यजमानाचं नाव, गाव आणि पुढे त्याची सही ओळीत, तारीख फक्त पानाच्या माथ्यावर. तो सगळा मजकूर फोनमध्ये मावेल इतका दाबायचा आणि न उलगडता त्यातच नाव शोधता येईल अशी सूची करायची, हे सरांचं काम. त्यांची सूची नाव शेवटच्या अक्षरापासून मागे मागे शोधत यायची आणि मागाल तेव्हा मजकूर जसाच्या तसा परत द्यायची. "दाबा, पण गिळू नका," असं ते आम्हाला बजावत.

घराण्यांची नावं बाहेर जाऊ नयेत म्हणून सूची झाली की टाइप केलेला मजकूर पुसायचा, असा साहेबांचा हुकूम होता. सर मात्र रोज जाताना एक पेन ड्राइव्ह आतल्या खिशात घालत. लग्न जमवणारे अशा वंशावळींना चांगले पैसे मोजतात, हे मी ऐकून होते. तीन दिवस पाळत ठेवून मी साहेबांच्या कानावर घातलं. खोटं कशाला बोलू, मजाही वाटली.

त्याच आठवड्यात सटाण्याहून काशीबाई आल्या. त्यांचा भाऊ रामा गणपत तरुणपणी वडिलांचं करायला त्र्यंबकला निघाला, तो परतलाच नाही. "तो तठे पोचला का, तेवढंच सांगा," त्या म्हणाल्या. सूचीत त्या गावचा रामा गणपत एकच निघाला, पानावरच्या जुन्या तारखेवरून तो त्यांचा आजा. वह्या न चाळताच मी नाही म्हणून सांगितलं. सर पुटपुटले, "सापडलं तर एकदा बघावं, नाही सापडलं तर दोनदा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. सरांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "नोकरी घ्या, पण आधी काशीबाईंचा भाऊ शोधा."

त्यात टायपिस्टकडून आलेली पहिली प्रत होती, सरांनी पडताळ्यासाठी जपलेली. तिच्यात रामा गणपत दोनदा होता. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, ही आपली जुनी चाल. सूचीआधी मजकूर साफ करणं माझं काम; त्याच नावागावाची ओळ पुन्हा दिसली की चुकून दोनदा टाइप झाली असं समजून मी ती उडवली होती, आणि मगच मजकूर सरांकडे दिला होता. जागा वाचवली म्हणून शाबासकीही घेतली होती.

"ओळी कोणी काढल्या?" साहेबांनी विचारलं.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रत बाहेर मी नेली, त्याचं बोला." त्यांना त्याच दिवशी जावं लागलं. मी गप्प राहिले. त्याची लाज अजून वाटते.

जिन्यात त्यांना गाठून मी "चुकले" म्हणाले. सर म्हणाले, "माझ्यावर संशय घेतलास, बरं केलंस पोरी. थोडा स्वतःवरही घ्यायचा. आता त्या बाईला फोन कर."

मी तिथूनच फोन लावला. भाऊ पोचला होता, वडिलांचं करून गेला, असं सांगितलं.  काशीबाईंनी विचारलं, "हाई खरं शे का?"

फोन तसाच धरून मी वर गेले. ओळी मी काढल्या होत्या, हे साहेबांना सांगितलं आणि वहीचं ते पान उघडलं. नावापुढे भावाची वाकडीतिकडी सही होती. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि हो म्हणाले.