तुम्ही व्हा पुढे

बेकरीसमोर कोपरं मारणारी आमच्या गावची माणसं इस्टरआधी फादरांपुढे पापं कबूल करायच्या रांगेत उभी राहिली की भलतीच सभ्य होतात. "तुम्ही व्हा पुढे." "छे छे, आधी तुम्ही!" पाप करताना कुणी इतके आढेवेढे घेतले नसतील.

यंदा माझ्यापुढे बस्त्यावकाका होते. विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या भावाशी, इनासकाकांशी, त्यांचा कित्येक वर्षं अबोला. इनासकाकाही रांगेतच होते, पार शेवटी, खांबाआड. बस्त्यावकाका येईल त्याला पुढे सोडत होते. शेवटी मीच त्यांना फादरांकडे आत ढकललं.

बाहेर आले ते डोळे पुसतच. दुखरा दात काढून आलेल्या माणसासारखा चेहरा, सुजलेला पण सुटलेला. मला वाटतं, माणूस पापानं मोडतो त्याहून जास्त ते पोटात धरून मोडतो.

काका थेट खांबापाशी गेले. "इनास, चुकलं माझं. इस्टरला जेवायला ये."

इनासकाका गडबडले. "थांब जरा. तुला दिलेल्या शिव्या आधी सांगून येतो," म्हणत ते अख्खी रांग ओलांडून आत घुसायला निघाले.

नंबर माझा होता. पण "तुम्ही व्हा पुढे" हे त्या रांगेत पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून म्हटलं.