वैशालीची कॅल्गरी, आमचं सलवा

वैशाली कॅनडाला गेली तो जुलै महिना होता. कुवेतच्या विमानतळावर आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि ती हातावर तीन जाडजूड कोट घेऊन उभी होती, कारण बॅगांचं वजन आधीच हाताबाहेर गेलं होतं. ते कोट आम्ही दोघींनीच अल-राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारातून आणले होते. भर उन्हात, अंगात चढवून, गळ्यापर्यंत चेन ओढून बघितले होते. कोटवाला आम्हाला वेड लागलंय अशा नजरेने बघत होता. विमानतळावर मी तिच्या गळ्यात पडून रडले. मैत्रीण चालली म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मी निम्मी जळून रडत होते.

आम्ही दोघी आखाती युद्धानंतर लगेचच कुवेतला आलेल्या. ती पुण्याची, मी नाशिकची. जाब्रियाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शेजारी-शेजारी बसायचो आणि जवळच्याच सलवा भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. नाशिकहून निघताना आई म्हणाली होती, "लोकांच्या घरी राहायला चालली आहेस, एवढं विसरू नकोस." मी नको तितकं लक्षात ठेवलं. सात वर्षांत भिंतीला खिळा ठोकला नाही. मोठ्या बॅगा कपाटावर कायम तयार. वैशालीच्याही होत्या, पण तिच्या एक दिवस खरंच खाली उतरल्या.

शिरीषने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कॅनडाचा अर्ज केला तेव्हा मी आमच्याकडेही विषय काढला होता. हे पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर. म्हणाले, "उणे तीसमध्ये कोण मरायला जातंय? इथे काय कमी आहे आपल्याला?" कमी काहीच नव्हतं. गाडी होती, एसी होता, जमियात, म्हणजे वस्तीच्या सहकारी दुकानात, कोथिंबिरीपासून हापूसपर्यंत सगळं मिळत होतं. मला काय हवंय ते मलाच नीट सांगता येईना.

पहिल्या हिवाळ्यात वैशाली फोनवर रडायची. चार वाजता अंधार होतो, शिरीष इंजिनिअर असून गोदामात काम करतोय. मी समजूत घालायची. दुसऱ्या हिवाळ्यात तिचा सूर बदलला. आता तीच मला सांगायला लागली, की थंडीत गाडीलासुद्धा रात्री प्लग लावून ठेवतात, नाहीतर सकाळी इंजिन जागं होत नाही. पायावर पाय तू दे, तरी सॉरी समोरचाच म्हणणार. टोरांटोवाल्यांना म्हणे आपणच म्हणजे कॅनडा असं वाटतं, आणि बोटभर बर्फ पडलं की त्यांची पळापळ. "आणि त्यांच्या ओंटारिओत दूध प्लास्टिकच्या पिशवीत विकतात गं! आमच्या कॅल्गरीत सगळे हसतात त्यांना."

"तू पुण्यात काय गोठ्यातून आणायचीस?" मी विचारलं. जन्मभर पिशवीचा कोपरा कात्रीने कापून पातेल्यात दूध ओतलेली बाई! ती खळखळून हसली. मी फोन ठेवला आणि उगाच भांडी आदळली. मला तिच्या घराचा, तळघराचा, पगाराचा हेवा नव्हता. ते ‘आमच्या कॅल्गरीत’ मला झोंबलं होतं. दोनच हिवाळ्यांत तिला दुसऱ्या गावाची टिंगल करण्याचा हक्क मिळाला होता.

पुढे तिला नागरिकत्व मिळालं, आणि एका सुट्टीत पुण्याहून परतताना ती मंडळी दोन दिवस आमच्याकडे उतरली. चौदा वर्षांचा रोहन हॉकीची लाल जर्सी घालून आला होता. मी चौकशी करावी म्हणून म्हटलं, एडमंटनही तिकडेच ना? शेजारच्या त्या गावाशी कॅल्गरीचं हाडवैर आहे हे मला कुठे ठाऊक! त्याने असा चेहरा केला की जणू मी जेवणात झुरळ वाढलं. शिरीषसुद्धा, सांगलीचा अबोल माणूस, एडमंटनच्या रस्त्यांना नावं ठेवायला लागला. मी हौसेने पुरणपोळी केली होती, तर त्यांनी बॅगेतून मेपल सिरप काढून तिच्यावर ओतलं. वैशाली म्हणाली, "महिनाभर फिरलो, पण आता कधी एकदा घरी जातोय असं झालंय." पुण्यात आईच्या कुशीत राहून आलेली मुलगी हे म्हणत होती. मी पातेलं घेऊन आत गेले.

आत ऐकू आलं ते मुलांचं बोलणं. आमची मुक्ता तेरा वर्षांची, सलवामध्येच वाढलेली, रोहनसारखीच इंग्रजीत उत्तरं देणारी. रोहन म्हणत होता, "एवढ्या उन्हात आणि धुळीत तुम्ही राहता कसे?" मी वाट बघत होते की ती आता मान खाली घालेल. पण पोरगी उसळली. "आम्ही सलवावाले धुळीच्या वादळातपण क्रिकेट खेळतो. जाब्रियावाले घाबरून घरात बसतात. त्यांना तसंही काही येत नाही, निम्मं आयुष्य पार्किंग शोधण्यात जातं त्यांचं. आणि ते लांबचं फहाहील? ते तर कुवेतच नाही!"

रोहन हरला. मोठी माणसं हसली. मला मात्र हसू येईना. आधी मुलीचाच हेवा वाटला. मी जे बारा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं, ते तिने एका दमात म्हटलं होतं. पण जिला ती ‘आम्ही’ म्हणत होती, त्या जागेवर तिचा काडीचा हक्क नव्हता; इथे कितीही वर्षं काढली तरी आपल्याला नागरिकत्व मिळत नाही. ह्यांनीही ते ऐकलं होतं. पाहुणे गेल्यावर स्वतःहून म्हणाले, "आपणही अर्ज करूया का?" आम्ही केला. पण ह्यांचं वय वाढलेलं, नियम बदललेले. उत्तर नकाराचं आलं.

बारावीनंतर मुक्ता पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. तिथल्या मुली तिला विचारतात, तू कुठली? ती सलवा म्हणून सांगते आणि मग ते कुठे आहे यावरून वाद घालते. पण तिचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, ह्यांच्या नोकरीवर आहे, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की तो रद्द होतो. त्यामुळे परीक्षा असो, ताप असो, मुदतीच्या आत तिला येऊन जावंच लागतं. कधी तर तीन दिवसांसाठी येते.

मागच्या आठवड्यात वैशालीचा फोन होता. रोहन व्हँकुव्हरला शिकतो, दीड वर्षात घरी फिरकला नाही म्हणून कुरकुरत होती. दीड वर्ष आला नाही, आणि तरी कॅल्गरी त्याचीच! इतकी वर्षं झाली, पण इतकी मी तिच्यावर कधीच जळले नव्हते.

काल मुक्ता आली. विमानतळाच्या दारातून बाहेर येता येताच तिने पासपोर्ट उघडून ताजा शिक्का मला दाखवला आणि जाब्रियाच्या ट्रॅफिकला शिव्या घालत गाडीत बसली. आणखी सहा महिने ती सलवाची आहे.