बाबांचं ग्रीस

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाबा माझ्या इलेक्ट्रिक सायकलच्या मागे लागलेत. दर रविवारी साखळीला बोटांनी ग्रीस थापतात. त्यावर धूळ चिकटते, वरून मोटरची ओढ. साखळी झिजणार नाही तर काय! कितीदा सांगितलं, थेंब थेंब तेल सोडा आणि वरचं पुसून घ्या. “पुसायचंच, तर लावायचं कशाला?” जन्मभर मशिनं सांभाळलेला माणूस उलट मलाच विचारतो!

परवा पुन्हा नवी साखळी बसवली आणि चिडून ग्रीसचा डबाच माळ्यावर लपवला. सकाळी निघालो, तर साखळी तेलाने निथळत होती. शेजारी आईची खोबरेलाची बाटली, रिकामी.

बाबा फाटक उघडून उभे होते. म्हणाले, “डबा कुठे सापडेना रे. आजच्या दिवस यावर भागव.”