गमरे सिस्टरची पाच मिनिटं

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, घोडपदेवच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, जिवंत आणि शुद्धीवर असलेली बारा माणसं सलग पाच मिनिटं गप्प बसली. कोणी वारलं नव्हतं. कोणी पुढारी आला नव्हता. गमरे सिस्टर बीपी तपासत होत्या, एवढंच. पण आमच्या चाळीत माणसं झोपेतसुद्धा एकमेकांना उत्तरं देतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या घटनेची योग्य ती दखल घ्यावी.

त्या बारांपैकी अकरा जण आमच्या कबड्डी संघाचे होते. बारावा मी. तमाशा बघायला गेलो आणि खुर्चीत सापडलो.

सिस्टर महापालिकेच्या इस्पितळात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. निरोपसमारंभाच्या दिवशी मुलीने त्यांना दंडाला पट्टा बांधायचं बॅटरीवरचं मशीन भेट दिलं. दुसऱ्या एखाद्या बाईने ते कपाटात ठेवून वर क्रोशाचा रुमाल टाकला असता. सिस्टरनी पुढच्याच रविवारी सकाळची वंदना आटोपली, पांढरी साडी नेसली, गॅलरीत टेबल मांडलं आणि जिन्यातून खाली उतरणाऱ्या प्रत्येक तरुणाला नावानिशी पकडायला सुरुवात केली.

"चहा कधी घेतलास? आत्ताच? मग अर्धा तास बाजूला बस. सिगरेट? खोटं बोलू नको, मला इथपर्यंत वास येतोय. आधी लघवीला जाऊन ये. आता पाठ टेकव, मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प. पाय जमिनीवर, दोन्ही. मांडीवर मांडी नको, तू काय फोटो काढायला आलायस?"

मी म्हटलं, "सिस्टर, माझंही घ्या. मी आपला ठणठणीत आहे, पण पोरांना धीर यावा म्हणून."

"दत्ताभाऊ, तोंड बंद ठेवा. बोललं की आकडा वाढतो. तुम्ही बोललात की शेजारच्यांचापण वाढतो."

अकरा जणांपैकी चौघांचं बीपी जास्त निघालं. सगळे पंचविशी-तिशीतले. एकाच्या मांड्या तर अशा, की त्याने पकड घातली तर समोरचा चढाईपटू गावी पत्र लिहायला घेईल. चाळीत दुपारपर्यंत खळबळ माजली आणि संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. सभेत काय ठरलं असेल? पोरांना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं? अजिबात नाही. मशीन बिघडलंय असं ठरलं, एकमताने.

पुरावाही होता. आमच्या अध्यक्षांचं वय एकाहत्तर, दुपारी त्यांनीही मोजून घेतलं तर बीपी उत्तम आलं. पोरांचं वाढलेलं आलं. म्हणजे मशीन उलटं दाखवतंय. हा मुद्दा अध्यक्षांनी मांडला, मी अनुमोदन दिलं, आणि चिटणीस ते मशीन घेऊन भायखळ्याला मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने खोलून पाहिलं, फुंकर मारली, स्वतःच्या दंडाला लावलं आणि परत पाठवलं. सोबत निरोप होता: "मशीन चांगलंय, मला डॉक्टर सांगा कोणीतरी."

सिस्टर चिडल्या की आवाज चढवत नसत, उलट उतरवत. त्यांना ऐकायला आपल्याला पुढे वाकावं लागे आणि मग वाकल्या वाकल्या बोलणी खावी लागत. "एकदा आलेला आकडा मी पण धरत नाही," त्या म्हणाल्या. "तीन वेगळ्या दिवशी घेणार. तिन्ही वेळा जास्त आला तर डॉक्टर. पण तुम्ही आकडा खोटा पाडायला मशीन खोललंत. इस्पितळात असतात तर पेशंट खोलला असतात."

त्या चौघांत माझा भाचा होता, विक्रांत. माझ्या थोरल्या बहिणीचा, सुमनताईचा एकुलता एक. वय एकोणतीस. परळला एका काचेच्या इमारतीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी. म्हणजे लोक सातासमुद्रापलीकडून रागावणार आणि हा इथे शांतपणे सॉरी म्हणणार. जेवण डब्यातून नाही, खोक्यातून. झोप मिळेल तेव्हा, मिळेल तेवढी. तिन्ही दिवशी त्याचं बीपी वरचं एकशे अठ्ठावन्नच्या आसपास आणि खालचं एकशे दोनच्या.

"माझ्या झिलाक कसलो बीपी?" ताई सिस्टरना म्हणाली. "एकोणतीस वर्षांचो तो. ह्या वयात बीपी होता काय कोणाक? त्याका तर काय्येक त्रास नाय."

"तेच तर सांगतेय, सुमनताई. त्याला काही होत नाहीये आणि आत होतंय. बीपी काय दारावर टकटक करून येतं?" आणि मग सिस्टर सरळ ताईच्या स्वयंपाकघरात शिरल्या. लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, दोरीला टांगलेली सुकटाची पिशवी, सगळं त्यांनी पोलीस पंचनामा करतात तसं नजरेखालून घातलं. "सुकट चांगलं आहे. मलापण द्या थोडं. पण आठवड्यातनं एकदा, आणि पाण्यात भिजवून मीठ काढून. आणि ही ताटात वरनं वाढायची मिठाची वाटी कुठाय? ती आजपासून माझ्या घरी." खरंच घेऊन गेल्या. ताई महिनाभर मीठ मागायला सिस्टरकडे जात होती, आणि त्या चमच्याने मोजून देत होत्या.

विक्रांत डॉक्टरकडे गेला. रक्त, लघवी, छातीचा आलेख, सगळं झालं. एक गोळी सुरू झाली, रोज सकाळी. सिगरेट सुटली. ऑफिसातून निदान परत येताना तो चालत यायला लागला. अडीच महिन्यांनी सिस्टरच्या गॅलरीत आकडा आला एकशे चोवीस, खालचं ऐंशी. सिस्टरनी त्याच्या पाठीत एक धपका घातला. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी कोणाचंही केलेलं हे एकमेव जाहीर कौतुक.

आणि इथे, रसिकहो, या कथेतल्या खलनायकाचा प्रवेश होतो. त्याने सदरा इस्त्रीचा घातलाय, तो मनमिळाऊ आहे, चार लग्नं जुळवल्याचा त्याला अभिमान आहे. तो म्हणजे मी.

विक्रांतला गिरगावचं स्थळ आलं होतं. मानसी, वाडीत राहणारी, बँकेत नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, मुलीकडचे घर बघायला येणार ठरलं. आदल्या दिवशी मी पाहणी करायला गेलो तर फडताळावर गोळ्यांचं पाकीट, अगदी समोर. मी ताईला म्हटलं, "हे काय? लोकांना वाटेल मुलगा आजारी आहे." ताईने ते चणाडाळीच्या डब्यात खुपसलं. इथवर एक वेळ माफ होतं. पण मला थांबता येत नाही. मी विक्रांतला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अरे, आकडा नॉर्मल आलाय ना? मग आता कशाला खातोस? लग्नापर्यंत बंद ठेव. नंतर बघू. उगाच सवय लागते."

डॉक्टरीची पदवी मला कोणी दिली? कोणीच नाही. आपल्याकडे ती मिशी फुटली की आपोआप मिळते. मला आज संताप येतो तो याचाच. तोच आकडा गोळीमुळे खाली आला होता, हे कळायला काय अक्कल लागते? छत्री उघडल्यावर अंग कोरडं राहिलं, म्हणून भर पावसात मी त्या पोराला छत्री मिटायला सांगितली. आणि तो बिचारा मामाचं ऐकणारा. त्याने मिटली.

तीन आठवड्यांनी ऑफिसात त्याचं डोकं फुटेल असं दुखायला लागलं. समोरच्या पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली. सहकाऱ्यांनी उचलून इस्पितळात नेलं. वरचा आकडा दोनशेच्या घरात होता. दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलाय, आणखी उशीर झाला असता तर एक बाजू गेली असती. आम्ही गिरगावला काय कळवलं? बाहेरचं खाल्लं, पोट बिघडलं. ही ओळसुद्धा माझीच.

सिस्टर त्या संध्याकाळी माझ्या घरी आल्या. पाणी नको म्हणाल्या. माझ्यासमोर बसल्या आणि इतक्या हळू बोलल्या की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"वॉर्डात माझ्याकडे एक जण होता. चौतीस वर्षांचा, रिक्षा चालवायचा. अर्धं अंग गेलेलं. बोलायला गेला की एकच शब्द यायचा, 'उद्या'. भूक लागली तरी उद्या, बायको आली तरी उद्या. त्यालापण कोणीतरी सांगितलं होतं की गोळी सोड, सवय लागते. चौतीस वर्षं मी बघतेय, दत्ताभाऊ. असं सांगणारा कधी ॲडमिट होत नाही. तो संत्री घेऊन भेटायला येतो."

माझ्या शेजारी, स्टुलावर, पिशवीत संत्री होती. विक्रांतकडे निघालो होतो मी.

बायकोने, सुनंदाने, ती पिशवी उचलून आत नेली. मी त्या दिवशी काही बोललो नाही. तशी पाच मिनिटं मी आयुष्यात दोनदाच बसलो, आणि दोन्ही वेळा त्या बाईसमोर.

सिस्टर आता चाळीत नाहीत. गेल्या वर्षी खोली मुलीच्या नावावर करून त्या कायमच्या मंडणगडला, गावी गेल्या. निघताना मशीन टॅक्सीत मांडीवर घेतलं होतं. त्यांनी खिडकीतून मला विचारलं, "मीठ?" मी म्हटलं, "कमी केलंय." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला. आणि तुमचं वय काय हो?" भायखळ्याच्या पुलापर्यंत त्याची तपासणी पूर्ण झाली असणार. मंडणगडच्या तरुणांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. जगतील सगळे, पण सुखाने गप्पा मारता यायच्या नाहीत.

त्या जाण्याआधी घडलेलं एक सांगायचं राहिलं, आणि ते मी इतका वेळ मुद्दाम मागे ठेवलंय, कारण त्यात माझी शोभा आहे.

विक्रांत बरा झाला, गोळी परत सुरू झाली आणि गिरगावला मानसीच्या घरी याद करायचं ठरलं. दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, लग्नात कोण काय करणार ते कागदावर उतरवतात आणि सर्वांसमोर वाचतात. एकदा यादीत आलं की मागे फिरता येत नाही. तारीख सिस्टरच्या कानावर जाऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. आम्ही पोचलो तर त्या आधीच सतरंजीवर बसलेल्या, पाठ सरळ. विक्रांतने स्वतः बोलावलं होतं.

मुलीच्या वडिलांनी मामा म्हणून मला फेटा बांधला, शाल घातली. मग मानसीचे काका वही घेऊन लिहायला बसले. हॉल कुठला, जेवण कोणाकडे, करवल्या किती, शालू कोणी घ्यायचा. शेवटी रीतीप्रमाणे काकांनी विचारलं, "आणखी कोणाचं काही राहिलंय?"

"माझं आहे," सिस्टर म्हणाल्या. "लिहा. मुलाला ब्लडप्रेशर आहे. रोज सकाळी एक गोळी. ती पाहुण्यांसाठी, उपासासाठी, मुहूर्तासाठी, कोणाच्याही सांगण्यावरून बंद होणार नाही. मध्ये बंद केली होती, म्हणून तो इस्पितळात होता. पोटबिट काही बिघडलं नव्हतं."

काकांचं पेन थांबलं. ताईचा चेहरा पांढरा पडला. मुलीचे वडील विक्रांतकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत? एवढ्या तरुण पोराला बीपी? मग आम्हाला विचार करावा लागेल."

विक्रांत उभा राहिला. लग्न मोडलं, असं मी मनात म्हटलं, आणि त्याही क्षणी, देवाशप्पथ, माझ्या डोक्यात एक नवीन थाप तयार होत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मानसी बाहेर आली. हातात पोह्यांचा ट्रे नव्हता, नजर खाली नव्हती.

"बाबा, विचार माझा झालाय. त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं बीपीचं. पोट बिघडलं नव्हतं हे पण मला त्याच दिवशी कळलं, मी जाऊन आले इस्पितळात. काका, सिस्टर म्हणतात तसं लिहा." काका लिहायला लागले. ती तशीच उभी. "फक्त मला एक सांगा. चांगली चालू असलेली गोळी याला बंद करायला सांगितली कोणी? तीन वेळा विचारलं, हा नाव घेत नाही. कोण आहे तो माणूस?"

विक्रांत जमिनीकडे बघत राहिला. ताई दाराकडे. मी पंख्याकडे. सिस्टरनी नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवलं होतं. कोणीच काही बोलेना, आणि अशी शांतता माझ्या बायकोला अजिबात सोसत नाही.

"कोण म्हणजे काय," सुनंदा म्हणाली, "हे काय, फेटा बांधून बसलेत."