खंडेनवमीला कारलं ऑनलाइन आलं

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मौजे महाळुंगे येथील एका कारखान्यात, गेल्या खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कारलं ऑनलाइन आलं.

हसून घ्या. मीही हसलो असतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बावन्न वर्षांचा माणूस आहे, रावेतला दक्षिणमुखी म्हणून कोणी घेईना तो फ्लॅट मी आनंदाने घेतला, आणि त्यात आजवर मला बायकोखेरीज कशाचीही भीती वाटलेली नाही.

तर — आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढते. मी तिथला कॉम्प्युटरवाला. ऑफिसातल्या सगळ्या डेस्कटॉपवर लिनक्स मीच चढवलं आणि प्रत्येकाला एकेका भाजीचं नाव दिलं. भेंडी, दोडका, पडवळ... नेटवर्कची यादी उघडली की मंडई भरल्यासारखी वाटते. कारलं हे क्वालिटीतल्या दत्ताचं.

"मलाच कारलं का?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"स्वभावावरून."

"मग तुझ्या मशीनचं नाव रिकामा भोपळा ठेव." आणि आमची दोस्ती झाली. दत्ता परभणीकडचा. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला.

वैशाखात दत्ता गेला. कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये, बसल्या जागी. मी शेजारच्या सीटवर होतो. मला वाटलं, झोपलाय. महाळुंगे फाट्यापर्यंत मी मोबाइल बघत होतो.

पुढचं सगळं मीच केलं. हॉस्पिटल, फोन, कागद. रडू आलं नाही. येईल, येईल म्हणत राहिलो... नाही आलं. महिन्याभराने कारलं उघडलं — त्याचा मदरबोर्ड आधीच कुरकुरत होता, तो भंगारात टाकला. हार्डडिस्क आणि रॅम काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली, रिकामं खोकं स्टोअरला पाठवलं. हात चालत होते. तेवढंच.

कंपनीने दत्ताच्या बायकोला, सुनंदावहिनींना, रेकॉर्ड रूममध्ये नोकरी दिली. त्या चऱ्होलीहून येतात. त्यांच्या टेबलावरचा डेस्कटॉप म्हणजे भेंडी. त्यावर दत्ताही अधूनमधून बसायचा, त्यामुळे ब्राउझरमध्ये त्याचं खातं आधीपासून उघडं होतं. सिंक चालू होतं, म्हणजे कारल्यावर त्याने जमवलेलं सगळं भेंडीवरही दिसायचं.

आणि त्यात एक फोल्डर होतं: 'वैशू'. वैशू ही त्याची मुलगी, लातूरला बारावीला. तिला उपयोगी पडेल असं काही दिसलं की दत्ता ती लिंक तिथे ठेवायचा, आणि लिंकचं मूळ नाव पुसून आपलं वाक्य घालायचा. 'हे वाच, पण जेवून.' 'सायकलची चेन अशी बसव, दुकानदाराला मस्का लावू नको.' 'आईला हे दाखवू नको, ती करून बघेल.'

रोज एक वाजता वैशूचा फोन यायचा आणि वहिनी तिला एक नाव वाचून दाखवायच्या. रोज एकच. वरून खाली, क्रमाने, पुढचं न बघता. निम्म्यापर्यंत आल्या होत्या.

मी एकदा म्हणालो, "वहिनी, सगळं उतरवून ठेवू का? बॅकअप असलेला बरा."

"नको भावजी. उतरवायचं म्हणजे वाचावं लागतंय. वाचलं की संपलं." मग म्हणाल्या, "ती रडती फोनवर. मला काहीच होईना झालंय बघा. दगड झाल्यागत."

मी म्हटलं, "चहा घेणार?" दुसरं काय म्हणणार.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन-पुसून त्यांची पूजा होते आणि नंतर दिवसभर मशीनला हात लावायचा नाही, असा नियम. प्रेसपासून पान्यापर्यंत सगळ्यांना सुट्टी. मी दर वर्षी हा नियम मोडतो. लोक रिकामे, मशीन रिकामी — अपडेट करायला याहून चांगला मुहूर्त कोणता? दत्ता दर वर्षी त्यावरून मला झापायचा.

सकाळी आठलाच मी भेंडी अपडेट केली. आणि सणाची साफसफाई म्हणून, मीही माझं हत्यार स्वच्छ करतोय अशा थाटात, एक आज्ञा ठोकून जुने फोल्डर उडवले. लिनक्समध्ये तसं उडवलेलं कचरापेटीत जात नाही. जातं ते जातंच.

साडेनऊला वहिनी आल्या. ब्राउझर उघडला. कोरा. नव्या अपडेटने ब्राउझरची सगळी माहिती नव्या जागी शोधायला सुरुवात केली होती. साधा दोष, साधा उपाय — जुना फोल्डर नव्या जागी नेऊन ठेवायचा.

जुना फोल्डर मी उडवला होता.

"भावजी, वैशूचं दिसंना की."

"येतंय, येतंय..." म्हणत मी सिंककडे वळलो. सिंकने पासवर्ड मागितला. तो फक्त दत्ताला माहीत. वैशूचं नाव घातलं, तिची जन्मतारीख, त्याचं गाव, जुन्या मोटरसायकलचा नंबर. शेवटी स्क्रीनवर आलं की फार प्रयत्न झाले, नंतर या. खाली बारीक अक्षरात: पासवर्ड विसरलात? त्यावर बोट ठेवायची सोय नव्हती. पासवर्ड बदलला की सर्व्हरवरचं सगळं पुसलं जातं. त्या सर्व्हरवर कुलूपबंद पडलेलं सोडून दुसरी प्रत कुठेच नव्हती. कारल्याची डिस्क ड्रॉवरमध्ये होती खरी, पण ती मी उन्हाळ्यातच कोरी केली होती. नियमाप्रमाणे.

मी वहिनींना खरं ते सांगितलं. म्हणजे, फोल्डर मी उडवला हेही.

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाल्या. "एक वाजता तिला काय सांगू, ते तेवढं सांगा मला."

तेवढ्यात स्टोअरचे गजाभाऊ हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले. हे महाळुंग्यातलेच. त्यांनी भेंडीच्या की-बोर्डवर मधोमध हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. मागून म्हणाले, "सायेब, तुमच्या त्या कारल्यालाबी हार घातलाय बरं का स्टोअरात."

"अहो, ते रिकामं खोकं आहे."

"खोकं असलं म्हून काय झालं? हत्यार हाय ते. दत्ताभाऊंचं हाय. आता हात न्हाई लावायचा कशाला. चला आरतीला."

भेंडी पासवर्डच्या पानावर तशीच सोडून, खोलीला कुलूप लावून आम्ही शॉप फ्लोअरवर गेलो. किल्ली माझ्या खिशात. आरतीला वहिनी माझ्या डाव्या हाताला होत्या, गजाभाऊ समोर ताट धरून. ऑफिसातलं एकूण एक माणूस तिथे होतं, मी मोजलं नाही, पण आम्ही आहोतच किती!

परत आलो तेव्हा पावणेबारा. भेंडीवर पासवर्डचं पान नव्हतं. 'सिंक पूर्ण झालं' असं होतं. आणि डाव्या बाजूला फोल्डर: वैशू.

मी आधी की-बोर्ड बघितला. फूल जागच्या जागी. अक्षतांचा एक दाणा दोन बटणांच्या मधल्या फटीत उभा होता, तोसुद्धा पडलेला नव्हता. मग मी माउस हलवला — हो, नियम मोडून — आणि खात्याला जोडलेल्या मशीनची यादी उघडली. दोनच नावं.

भेंडी.

कारलं. शेवटचं सिंक, आज, ११:२०.

मी स्टोअरला पळालो. खोकं तिथेच, हार घालून. आत हात घातला. ना बोर्ड, ना डिस्क, ना वायर. गजाभाऊंचा पान्यांचा डबा होता. ड्रॉवर उघडला, डिस्क तिथेच. कोरी.

तेव्हापासून मी लॉग वाचतोय, इंटरनेटवरच्या मंचांवर विचारतोय. कोणी म्हणतं सर्व्हरचं घड्याळ चुकलं, कोणी म्हणतं जुनी परवानगी कुठेतरी शिल्लक असेल. कुठे? मी उडवलेल्या फोल्डरात? पासवर्ड मला आजही माहीत नाही. माझ्याकडे उत्तर नाही, आणि तीस वर्षं या धंद्यात काढून हे लिहिताना मला लाजही वाटत नाही. काहीच वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे... निदान त्या दिवशी एक वाजेपर्यंत तरी होती.

एक वाजता वैशूचा फोन आला. वहिनी मशीनला हात लावेनात. पूजा झालेली. "भावजी, तुमीच उघडा. तुमाला काय, तुमी बाटलेलेच." फोन स्पीकरवर ठेवला. मी क्रमाने पुढचं नाव काढलं आणि मोठ्याने वाचलं:

"वैशू, विलासकाकाला सांग, खंडेनवमीला मशीनला हात लावायचा नसतो."

विलास म्हणजे मी.

गेल्या वर्षी लिहिलं असेल. मला झापून झाल्यावर, रागाच्या भरात. क्रमाने वाचता वाचता नेमकं त्या दिवशी त्याची पाळी आली असेल. नाव कधी लिहिलं ती तारीख तिथे बघता येते. मी बघितली नाही. अजूनही बघितलेली नाही.

माझा चष्मा धूसर झाला होता, तो पुसायला मला काही सापडेना. आणि वैशाखापासून दगड झालेल्या वहिनी एकदम कपाळावर हात मारून, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या —

"अगं बाई, गेले तरी टोमणे मारायचं काही सुटंना की ह्यांचं!"