सूचक म्हणून तात्यांची सही

सही करायच्या आधी गेनबा तात्या हातपाय धुवायचे. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकता ठोकता उठायचे, खुंटीवरची टोपी घालायचे आणि समोरच्या उमेदवाराला विचारायचे, "चुकलास तर कवा गाठू तुला? सकाळी का सांजचं?" त्यानं वेळ सांगितली, की मगच अर्जावर 'सूचक' लिहिलेल्या जागी पाच मिनिटं खपून सही. सही कसली, कोंबडी चिखलातून गेलेली.

तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचे अर्ज मी भरायचो. मॅट्रिक झालेला, मोत्यासारखं अक्षर. पण अर्ज भरून झाला, की उमेदवार तो फुंकरीनं वाळवत तात्यांच्या दाराशी पळायचा. सूचक म्हणजे नाव पुढं करणारा, एवढाच अर्थ मला ठाऊक. आणि तो मान मला कुणी देईना. हिच्यापाशी कुरकुरलो, तर म्हणाली, "तुम्हीपण पत्र्या ठोकायला शिका."

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या निवडणुकीत आमच्या आळीतला किसन माझ्याकडे आला. तात्यांनी विचारलेली वेळ त्याला सांगता आली नव्हती. मी काहीच विचारलं नाही. झोकदार सही ठोकली, एसटीनं शिरूरच्या कचेरीपर्यंत सोबत गेलो. किसन निवडून आला आणि महिनाभर मी छाती काढून हिंडलो.

उन्हाळ्यात आडाचं पाणी गाळाला लागलं. गाळ काढायचा शब्द देणारा किसन दौंडला मेव्हण्याच्या दुकानात जाऊन बसला. बाया रिकामे हंडे घेऊन थेट माझ्या ओट्यावर. गावाची रीतच तशी, सदस्य सापडला नाही तर सूचकाला धरायचं. मी दोन दिवस कणगीमागं काढले. ही बाहेर सांगायची, गावाला गेलेत.

तिसऱ्या दिवशी तात्या घरात आले. कणगीकडं बघून म्हणाले, "दिनकर, भाईर ये. नवाला दौंडची एसटी हाय."

दुकानात त्यांनी किसनला शिवी दिली नाही. माझ्याकडं बोट दाखवून एवढंच म्हणाले, "ह्यानं तुझं नाव फुडं केलंय. ह्याची मान खाली जाती. चल." किसन मुकाट्यानं निघाला. दुसऱ्या दिवशी गाळ काढायला तात्या स्वतः आडात उतरले. मान वाचली माझी, नाव झालं त्यांचं. मी परत जळलो.

पुढच्या निवडणुकीच्या आधीच तात्या गेले. दहाव्याला नदीकाठी माणूस मावेना. माझ्या दहाव्याला एवढे येतील का, असा हिशेब मी तिथंही केला.

निवडणुकीला अर्ज घेऊन आला तो किसनच. मी उठलो, हातपाय धुतले, टोपी घातली.

"चुकलास तर कवा गाठू तुला?"

किसन म्हणाला, "सांजचं या. दौंडचं दुकान सोडलंय म्या."

मी सही केली. अर्ज वाळवत तो म्हणाला, "तात्यांनीच केल्यावाणी वाटलं बघा."

तात्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी माझ्या पोटात दुखलंच.