पांढरं खातं

आमच्या समोरचे काका बिस्किटाची अर्धीच बाजू रंगवायचे. बिस्किट चांगलं तळहाताएवढं, गोल, नानकटाईपेक्षा मऊ आणि केकपेक्षा घट्ट. त्याच्या सपाट बाजूवर अर्ध्या भागात कोकोचं काळंभोर, चकचकीत आयसिंग, बरोबर मध्यावर सरळ रेघ, आणि रेघेपलीकडे काहीच नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं सामान संपलं, नाहीतर उत्साह संपला. मलाही तेच वाटलं होतं आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. माझी जीभच तशी आहे, त्याला इलाज नाही.

धायरीच्या त्या सोसायटीत मी नवी होते. भंडाऱ्याहून बदली होऊन आलेली, पन्नाशी उलटलेली, एकटी बाई. पुण्यात कोणी कोणाकडे उगाच जात नाही हे मला लवकरच कळलं. आठवडा कचेरीत निघून जायचा, पण रविवार अंगावर यायचा. खाली पाण्याचा टँकर घुरघुरतोय, कोणाकडे तरी पाहुणे हसताहेत, आणि मी आपली घडी घातलेले कपडे पुन्हा मोडून पुन्हा घडी घालतेय. अशाच एका रविवारी चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात इस्त्रीच्या शर्टातले काका, हातात स्टीलचा डबा.

"साखर चालते ना तुम्हाला? चालत नसेल तर आत्ताच सांगा. वाया घालवायला केलेली नाहीत."

मी डबा उघडला. "काकाजी, हे अर्धंच हो? आयसिंग संपलं का?"

"काकाजी म्हणू नका, सिनेमातला सासरा वाटतो. आणि संपलं वगैरे काही नाही. पांढरं खातं बंद आहे." एवढं बोलून ते वळले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मी डबा घेऊन तशीच उभी. म्हटलं, अहो, द्यायचं तर धड द्या, वर दार कशाला आपटता तोंडावर! पण बिस्किट खाल्लं आणि राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला.

खुलासा झाला तो सेक्रेटरींच्या बायकोकडून. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे घरातही त्यांनी खातीच पाडली होती. भाजी आणणं, वीजबिल भरणं आणि बिस्किटावरचं काळं आयसिंग ही त्यांची खाती. भाजणं आणि पांढरं आयसिंग काकूंचं. काकू पूर्वी दिवाळीत नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायच्या. मुलाने घरी ओव्हन आणून दिल्यावर त्या कुठल्याशा क्लासात ही दुरंगी बिस्किटं शिकून आल्या. त्यात आधी पांढरं लावायचं, ते पुरतं वाळू द्यायचं, आणि मगच काळं. घाई केली की दोन्ही एकमेकांत मिसळून चिखल. त्यामुळे काकूंचं काम झालं की काका कोकोची वाटी धरून बसायचे आणि दर थोड्या वेळाने विचारायचे, "वाळलं का?" मी आले त्याच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. काका चुकत-माकत भाजायला शिकले, पण पांढऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

याच सेक्रेटरींच्या बायकोने एकदा मायेपोटी काकांच्या डब्यातली बिस्किटं घरी नेऊन कोऱ्या भागावर पांढरं आयसिंग लावलं, वर गुलाबी फुलंबिलं काढली आणि मोठ्या कौतुकाने दाखवायला आणली. काकांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "सुंदर आहेत. तुमच्याकडेच राहू देत," म्हणाले. झालं! त्या बाईंनी पुन्हा कधी त्या जिन्याकडे पाहिलं नाही. मला मात्र हसूही आलं आणि आत कुठेतरी तुटलंही.

हळूहळू मी रविवारी त्यांच्याकडेच जाऊ लागले. बिस्किटं खायला म्हणून. खरं तर घरात बसवायचं नाही म्हणून. काकांची बाजू सांभाळणारं पांढरं नसल्यामुळे काळं पसरायचं, तर त्यांनी त्यावर एक युक्ती काढली होती. कोणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून ती ते बिस्किटाच्या मध्यावर उभी धरायचे आणि तिच्या अलीकडे काळं ओतायचे. पट्टी उचलली की रेघ अशी सुबक, की नव्या रस्त्यावरही तशी मारत नाहीत. मग चहा यायचा. काकूंना बिस्किट चहात बुडवलेलं खपायचं नाही, सगळी साखर वितळून चहाचा पाक होतो म्हणून. काका आता कोरा भाग बुडवून खायचे. "बघा, केवढी सोय झाली," म्हणायचे.

चेष्टेवर आले की मात्र माझी धडगत नसायची. मी एकदा त्यांना तर्रीपोहे करून घातले. डोळ्यातून पाणी काढत त्यांनी ते संपवले आणि म्हणाले, "तुम्ही लोक पोह्यांवर रस्सा ओतता, आणि मला विचारता बिस्किट अर्धं कोरं का!"

मग माझी आई गेली. भंडाऱ्याला जाऊन सगळं आटोपून मी परत आले आणि कुलूप उघडून तशीच आतल्या अंधारात बसले. आता फोन करायला कोणी उरलं नव्हतं. कचेरीतून आले की "जेवलीस का वं" विचारणारा एकच आवाज होता, तो थांबला. पुढच्या रविवारी मी काकांकडे गेले नाही. चार वाजून गेल्यावर त्यांनीच बेल वाजवली. "जरा या," एवढंच म्हणाले. सांत्वन करणं हे त्यांचं खातं नव्हतंच.

टेबलावर बिस्किटं मांडून ठेवली होती, सगळी कोरी. शेजारी एक काचेचा वाडगा. त्यात पिठीसाखर, दूध आणि लिंबाचा थेंब घालून कालवलेलं पांढरंशुभ्र आयसिंग. मी वाडग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते खिडकीबाहेर बघत होते.

"हात रिकामे ठेवू नका," ते म्हणाले. "मी ठेवले होते. फार वाईट."

मी सुरी हातात घेतली आणि रडायला लागले. रडत रडतच आयसिंग पसरत होते. काकांनी थांबवलं नाही, की पाणी आणून दिलं नाही. पट्टी द्यायचंही ते विसरले, का मुद्दामच दिली नाही, कोण जाणे. माझी रेघ कुठे पोट काढून, कुठे आत घुसून. सगळी बिस्किटं झाल्यावर त्यांनी एक उचलून उजेडात धरलं. "हा सीमाप्रश्न काही आपल्या हयातीत सुटत नाही," म्हणाले. मला त्या रडण्यातही हसू फुटलं. मग त्यांनी कोकोची वाटी पुढे ओढली आणि कितीतरी दिवसांनी तो प्रश्न विचारला.

"वाळलं का?"

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार होते. उगाच आडून कशाला बोलू? मला माणूस मिळालं होतं. वाळायला लागणाऱ्या त्या वेळात आम्ही चहा प्यायचो, सरकारला शिव्या द्यायचो, आणि काका काकूंबद्दल बोलायचे. पूर्वी कधी बोलत नसत. मी आईबद्दल बोलायचे. सोसायटीत आता दुरंगी बिस्किटं जायला लागली, आणि सेक्रेटरींची बायको माझ्याशी बोलेनाशी झाली.

काका न्हाणीघरात पडले, आणि बेंगळुरूहून मुलगा आला. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, बेंगळुरूला घेऊन जातो, म्हणाला. मुलगा चांगलाच, काळजीपोटीच बोलत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याच्यासमोर मान डोलवली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. निघायच्या दिवशी काका वॉकर धरून जिन्याशी उभे होते. मी ओव्हन पुसून माझ्याकडे आणला होता, तसं त्यांनीच फर्मावलं होतं.

"पांढरं खातं तुमच्याकडे आहेच," ते म्हणाले. "काळ्यावर सध्या मी रजेवर. परस्पर दुसरं कोणी नेमू नका."

"परत कधी रुजू होणार?"

"अर्ज टाकलाय," म्हणाले, आणि मुलाने लिफ्टचं दार धरलं.

मग रविवारी चारला फोन यायचा. हॅलो नाही, कशा आहात नाही, थेट "वाळलं का?" मी म्हणायचे, "अजून ओलं आहे," म्हणजे गप्पा लांबवता यायच्या. तिकडे त्यांच्याशी मराठीत बोलायला दिवसभर कोणी नसायचं. ते मला बिस्किटं कशी झाली ते बारकाईने विचारायचे आणि मी उरलेला अर्धा भाग कोरा ठेवलाय ना, याची खात्री करून घ्यायचे. मी ठेवायचे. एका रविवारी फोन आला नाही. संध्याकाळी मुलाचा आला.

समोरच्या घरात आता आयटीतली एक मुलगी भाड्याने राहते. एकटीच असते, कानात सतत काहीतरी घातलेलं. कुठल्या गावची, काही ठाऊक नाही. परवाच्या रविवारी मी बिस्किटं केली, पांढरं लावलं आणि वाळेपर्यंत बसून राहिले. पुरतं वाळलं. तरी बसले. मग डबा भरला आणि तिची बेल वाजवली.

"ओह आंटी, सो स्वीट!" तिने झाकण उघडून पाहिलं. "पण हे हाफच? चॉकलेट संपलं का?"

"संपलं नाही," मी म्हणाले. "काळं खातं बंद आहे."

आणि तिला माझा चेहरा दिसायच्या आत मी वळले, घरात आले आणि दार लावून घेतलं.